परम महासंगणक आणि प्रक्रियक रचनांची स्पर्धा

परम हे पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) या भारत सरकारच्या संस्थेने घडवलेल्या समांतर महासंगणकांच्या मालिकेचे नाव आहे. या मालिकेतील पहिले यंत्र, परम ८०००, इ.स. १९९१ मध्ये तयार झाले. या यंत्रांचे प्रक्रियक संस्थेने स्वतः बनवलेले नव्हते. त्या त्या काळी जागतिक बाजारात मिळणाऱ्या प्रक्रियकांतून ते निवडले गेले. १९९१ ते २००८ या सतरा वर्षांत मालिकेने ट्रान्सप्युटर, आय८६०, स्पार्क, अल्फा, पॉवर आणि एक्स८६ अशा सहा भिन्न रचनांचे प्रक्रियक वापरले. यांपैकी पहिल्या चार रचना आज प्रचारात नाहीत किंवा त्यांचा विकास थांबलेला आहे. मालिका अखेरीस ज्या एक्स८६ रचनेवर स्थिरावली, ती मुळात कार्यालयांतील व घरांतील वैयक्तिक संगणकांमुळे वाढलेली होती. महासंगणकाचा प्रक्रियक कोणता असावा, हे प्रयोगशाळेइतकेच वैयक्तिक संगणकाच्या बाजारानेही ठरवले, याचे परम मालिका हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे.

## प्रक्रियक रचना म्हणजे काय

प्रत्येक प्रक्रियकाला ठरावीक आज्ञाच समजतात. बेरीज करणे, स्मृतीतून अंक उचलणे, दोन अंकांची तुलना करणे अशा मूलभूत आज्ञांचा जो संच असतो, त्यास आज्ञासंच म्हणतात. ‘प्रक्रियक रचना’ ही संज्ञा प्रामुख्याने या आज्ञासंचाला उद्देशून वापरली जाते. एकाच आज्ञासंचाचे प्रक्रियक निरनिराळ्या कंपन्या बनवू शकतात. उदाहरणार्थ, इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांचे पीसीसाठीचे प्रक्रियक एक्स८६ रचनेचे आहेत.

एका रचनेसाठी यंत्रभाषेत उतरवलेली आज्ञावली दुसऱ्या रचनेवर तशीच चालत नाही. कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरून आलेला माल रुंद रुळांच्या गाडीत उतरवून भरावा लागे, त्याच जातीची ही अडचण आहे. आज्ञावलीचा मूळ मजकूर हाती असेल, तर संकलकाच्या साहाय्याने तिचे नव्या यंत्रभाषेत पुन्हा संकलन करता येते. मूळ मजकूर नसेल, तर ग्राहक जुन्या रचनेशी बांधला जातो.

रचनांचे स्थूलमानाने दोन वर्ग मानले जातात. जटिल आज्ञासंचात (सिस्क) एकेक आज्ञा अनेक कामे करते आणि आज्ञांची लांबी कमीजास्त असते. मर्यादित आज्ञासंचात (रिस्क) आज्ञा साध्या व सारख्या लांबीच्या असतात, त्यामुळे त्या वेगाने उलगडता येतात. एक्स८६ ही पहिल्या वर्गातील, तर स्पार्क, अल्फा, पॉवर, आर्म व रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या वर्गातील रचना होत.

## वैयक्तिक संगणकांच्या बाजारातील स्पर्धा

### आठ बिटांचा काळ

वैयक्तिक संगणकांच्या आरंभीच्या काळात कोणत्याही एका रचनेचे वर्चस्व नव्हते. मॉस टेक्नॉलॉजीचा ६५०२ आणि झायलॉगचा झेड८० हे आठ बिटांचे प्रक्रियक विशेष लोकप्रिय होते. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी सुरू केलेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक वापरले गेले. त्यांत ६५०२ हा प्रक्रियक होता. याच एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये आर्म या नव्या रचनेचा पहिला प्रक्रियक तयार केला. म्हणजे या प्रकल्पातून भारतीय शाळांत आलेला संगणक आणि आजच्या बहुतेक सर्व मोबाइल फोनांतील प्रक्रियकाची रचना यांचे माहेर एकच आहे.

### आयबीएम पीसी आणि एक्स८६

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झ गतीचा प्रक्रियक होता. त्याचा आज्ञासंच १९७८ च्या ८०८६ या सोळा बिटी प्रक्रियकाचाच होता, मात्र बाहेरील भागांशी होणारी देवाणघेवाण आठ बिटांची असल्यामुळे स्वस्त सुटे भाग वापरता येत. मोटोरोलाचा ६८००० हा प्रक्रियक अनेक अभियंत्यांना अधिक सुबक वाटे आणि ॲपलने १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये तोच निवडला. परंतु आयबीएमच्या नाममुद्रेमुळे पारडे इंटेलकडे झुकले.

यापुढील वाढीस दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. प्रक्रियकासाठी केवळ एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्यास आयबीएम तयार नव्हती, म्हणून इंटेलने एएमडीला उत्पादनाचा परवाना दिला. तसेच आयबीएमच्या यंत्राशी जुळणारे संगणक कॉम्पॅकसारख्या इतर कंपन्या बनवू लागल्या. त्यामुळे किमती उतरल्या, खप वाढला आणि आज्ञावली लिहिणारे बहुसंख्य लोक या एका रचनेकडे वळले. १९८५ च्या बत्तीस बिटी ८०३८६ प्रक्रियकावरही ८०८८ साठी लिहिलेल्या आज्ञावली चालत. जुने न टाकता नवे देण्याचे हे धोरण एक्स८६ चे मुख्य बळ ठरले.

### रिस्क रचनांचे आव्हान

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिस्क प्रक्रियकांचा वेग पाहता एक्स८६ चा काळ संपत आला, असे मत अनेक जाणकारांचे होते. सनने १९८७ मध्ये स्पार्क आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९९२ मध्ये अल्फा आणला. १९९१ मध्ये ॲपल, आयबीएम व मोटोरोला यांनी पॉवरपीसीसाठी हातमिळवणी केली आणि १९९४ पासून मॅकिन्टॉश पॉवरपीसीवर गेले. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ही प्रणाली एक्स८६ बरोबरच मिप्स, अल्फा व पॉवरपीसी यांवरही चालेल अशी केली. मात्र प्रणाली चालली तरी ग्राहकांच्या नित्याच्या आज्ञावली त्या रचनांसाठी फारशा निघाल्या नाहीत. दशक संपण्यापूर्वी या तिन्ही आवृत्त्या एकेक करून बंद पडल्या.

दरम्यान इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये प्रतिपक्षाचीच युक्ती आत्मसात केली. बाहेरून येणाऱ्या एक्स८६ आज्ञा आत छोट्या, साध्या आज्ञांत फोडून अनेक कामे एकाच वेळी उरकण्याची सोय त्यात होती. आज्ञासंच जुनाच राहिला. तो राबवणारी यंत्रणा मात्र रिस्कच्या वळणाची झाली.

### चौसष्ट बिटांचा वाद

चौसष्ट बिटांकडे जाताना इंटेल व एचपी यांनी एक्स८६ ला बगल देऊन इटॅनियम ही नवी रचना उभारली. तिचा पहिला प्रक्रियक २००१ मध्ये आला. एएमडीने मात्र एक्स८६ चाच चौसष्ट बिटांपर्यंत विस्तार करून २००३ मध्ये ऑप्टेरॉन बाजारात आणला. जुन्या आज्ञावली पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे ग्राहकांनी हा मार्ग स्वीकारला आणि इंटेललाही तोच विस्तार आपल्या प्रक्रियकांत घ्यावा लागला. इटॅनियमची विक्री २०२१ मध्ये थांबली. ॲपलनेही २००५ मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेलकडे वळण्याची घोषणा केली होती.

## परम मालिकेतील निवडी

१९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडून क्रे महासंगणक घेण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेने हवामान अंदाजाच्या कामासाठी एक यंत्र अटींसह दिले; अधिक सामर्थ्याची यंत्रे मिळण्यात अडथळे राहिले. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील परिसरात कार्यरत झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर हे तिचे संस्थापक संचालक होत. एकच अतिवेगवान प्रक्रियक बनवण्याऐवजी अनेक साधे प्रक्रियक जोडून एकत्र राबवायचे, हा मार्ग संस्थेने पत्करला. ‘परम’ हे नाव ‘पॅरलल मशीन’ या शब्दांवरून घेतलेले असून संस्कृतातील ‘श्रेष्ठ’ हा अर्थही त्यात साधला आहे.

### ट्रान्सप्युटर

परम ८००० मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी८०० व टी८०५ हे ट्रान्सप्युटर वापरले होते. शेजारच्या प्रक्रियकांशी थेट बोलण्यासाठी चार जोडण्या प्रत्येक ट्रान्सप्युटरमध्येच अंतर्भूत होत्या, त्यामुळे समांतर यंत्रासाठी तो जणू घडवलेलाच होता. १९९१ मध्ये ६४ प्रक्रियकांचे यंत्र देण्यात आले. २५६ प्रक्रियकांच्या यंत्राचा सैद्धांतिक वेग १ गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांश गणिते इतका होता. प्रत्यक्ष कामात मिळणारा वेग याहून बराच कमी असे, कारण सर्व प्रक्रियकांना सतत काम पुरवणे हा समांतर संगणनातील अवघड भाग आहे.

ट्रान्सप्युटरचा खप मर्यादित होता. पुढील टी९००० हा प्रक्रियक दीर्घकाळ रखडला आणि तोवर इतरांचा वेग त्याच्या पुढे गेला. परम ८००० यशस्वी ठरला, तरी त्याचा पाया असलेला प्रक्रियक पुढे वाढणार नाही, हे लवकरच दिसू लागले.

### आय८६०

१९९२ च्या सुमारास परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० जोडण्यात आला. प्रत्येक घटकात एक आय८६० गणिते करी आणि चार ट्रान्सप्युटर निरोपांची ने-आण करीत. ‘परास’ ही समांतर आज्ञावली-लेखनाची व्यवस्था दोन्ही यंत्रांवर सारखीच ठेवल्यामुळे जुन्या आज्ञावली नव्या यंत्रावर नेता येत.

आय८६० हा इंटेलचा असला तरी एक्स८६ नव्हता. १९८९ मध्ये आलेल्या या रिस्क प्रक्रियकाचा कागदावरील वेग मोठा होता. परंतु तो वेग काढून घेईल असा संकलक बनवणे फार कठीण गेले. विंडोज एनटीचे आरंभीचे काम आय८६० डोळ्यांसमोर ठेवून झाले होते, तरीही वैयक्तिक संगणकात त्याला स्थान मिळाले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास इंटेलने त्याचा विकास सोडून दिला. इंटेलच्याच एक्स८६ पुढे इंटेलचाच आय८६० टिकला नाही.

### स्पार्क आणि अल्फा

दोन रचनांचा अनुभव घेतल्यावर सी-डॅकने १९९४ च्या परम ९००० मध्ये ‘ओपनफ्रेम’ हा आराखडा स्वीकारला. प्रक्रियक बदलला तरी जोडणीचे जाळे व आज्ञावलीची व्यवस्था तीच राहावी, असे त्याचे सूत्र होते. या यंत्राच्या सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा या प्रक्रियकांवरील आवृत्त्या निघाल्या. १९९८ चा परम १०००० हा सनच्या, प्रत्येकी दोन अल्ट्रास्पार्क २ प्रक्रियक असलेल्या सर्व्हरांवर उभा होता. १६० प्रक्रियकांच्या यंत्राचा सैद्धांतिक वेग सुमारे १०० गिगाफ्लॉप्स होता.

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘अनुपम’ मालिकेचा प्रवासही असाच आहे. तीही आय८६० पासून सुरू होऊन अल्फामार्गे पेंटियमवर आली.

### पॉवर

एप्रिल २००३ मध्ये जाहीर झालेल्या परम पद्ममध्ये आयबीएमचे २४८ पॉवर४ प्रक्रियक होते. १ टेराफ्लॉप्सचा टप्पा ओलांडणारा हा पहिला भारतीय महासंगणक होय.

### एक्स८६

तोवर जगभरातील महासंगणन बदलले होते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेतील थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी इंटेलचे ४८६ प्रक्रियक असलेले सोळा साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा समूह उभारला. त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली होती. दुकानात मिळणाऱ्या भागांतून महासंगणक उभारण्याची ही पद्धत झपाट्याने पसरली. पुण्यातच टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने इंटेल झिऑन प्रक्रियकांवर उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला.

नोव्हेंबर २००८ मध्ये सी-डॅकचा परम युवाही इंटेल झिऑनवर आला. त्याचा सैद्धांतिक वेग ५४ टेराफ्लॉप्स होता. २०१३ मध्ये आलेल्या परम युवा २ चा वेग ५२४ टेराफ्लॉप्स होता. २०२० मधील परम सिद्धी-एआय एएमडीच्या प्रक्रियकांवर व एनव्हिडियाच्या प्रवेगकांवर चालतो.

| वर्ष | यंत्र | प्रक्रियक | रचनेची सद्यःस्थिती |
|---|---|---|---|
| १९९१ | परम ८००० | इनमॉस टी८००, टी८०५ | १९९० च्या दशकात लोप |
| १९९२ | परम ८६०० | इंटेल आय८६० | १९९० च्या दशकात लोप |
| १९९४ | परम ९००० | स्पार्क, अल्फा | अल्फा गुंडाळण्याची घोषणा २००१. नवा स्पार्क ओरॅकलने २०१७ नंतर आणला नाही |
| १९९८ | परम १०००० | अल्ट्रास्पार्क २ | वरीलप्रमाणे |
| २००३ | परम पद्म | आयबीएम पॉवर४ | सर्व्हरांपुरती चालू |
| २००८ | परम युवा | इंटेल झिऑन (एक्स८६) | चालू |
| २०२० | परम सिद्धी-एआय | एएमडी एपिक (एक्स८६) | चालू |

## एक्स८६ च्या सरशीची कारणे

नवा प्रक्रियक आखणे आणि त्याच्या निर्मितीचे कारखाने अद्ययावत ठेवणे यांचा खर्च प्रचंड असतो. तो विकल्या गेलेल्या प्रत्येक नगावर विभागला जातो. महासंगणकासाठी काही शे किंवा काही हजार प्रक्रियक लागतात, तर वैयक्तिक संगणकासाठी दरवर्षी कोट्यवधी. ज्या रचनेला पीसीचा आधार होता, तिला पुढील पिढीच्या संशोधनासाठी पैसा मिळत राहिला. ट्रान्सप्युटर व अल्फा यांच्या मागे असा आधार नव्हता. अल्फा तर आपल्या काळातील सर्वांत वेगवान प्रक्रियकांत गणला जात असूनही टिकला नाही.

दुसरे कारण आज्ञावलींच्या साठ्याचे आहे. महासंगणकावरील संशोधक सहसा आज्ञावलीचा मूळ मजकूर स्वतःजवळ बाळगतात, म्हणून ते रचना बदलू शकतात. त्यांनाही प्रत्येक बदलाबरोबर संकलन, पडताळणी आणि नव्या यंत्राच्या घडणीनुसार फेरफार करावे लागतातच. कार्यालयातील सामान्य ग्राहकाला हा मार्गच उपलब्ध नसतो. हिशेबाची विकत घेतलेली आज्ञावली ज्या रचनेवर चालते, तेच यंत्र तो पुन्हा घेतो.

## मराठी लेखन आणि पीसी

पीसीच्या या वर्चस्वाचा परिणाम मराठीच्या संगणकीकरणावरही झाला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचे तंत्र सी-डॅककडे आल्यावर पुण्यात वाढले. डॉस प्रणालीच्या काळात आयबीएमसदृश पीसीच्या खाचेत बसवायचे जिस्ट कार्ड मिळत असे. त्यामुळे मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही देवनागरी मजकूर भरता येई. मराठीसाठी नवा संगणक घडवण्यापेक्षा, कार्यालयांत आधीच असलेल्या यंत्रात मराठी बसवणे व्यवहार्य होते. भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरले.

विंडोज प्रणालीने कार्डाची गरज संपवली. मात्र त्यानंतरच्या काळात अनेक टंकांनी आपापली वेगळी संकेतने वापरल्यामुळे, टंक हाती नसेल तर मजकूर वाचता येत नसे. युनिकोडच्या प्रसारानंतर ही अडचण बरीच दूर झाली. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ या प्रकल्पाद्वारे लिनक्सवर भारतीय लिप्यांची सोय करण्याचे काम केले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचे एक संकुल खारघर रेल्वे स्थानकासमोर, पनवेल तालुक्यातील बेलपाडा गावापासून जवळच, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ७ मध्ये आहे. लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्याने त्यात केलेली मराठीची सोय कोणत्याही एका प्रक्रियक रचनेशी बांधलेली राहत नाही.

## स्वदेशीपणाचा प्रश्न

परमला ‘स्वदेशी महासंगणक’ म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते, प्रक्रियक परदेशी असेपर्यंत स्वावलंबनाचा दावा अपुरा राहतो. पुरवठादाराने रचना सोडली किंवा निर्यात रोखली, तर मालिकेला दिशा बदलावी लागते. समर्थकांच्या मते, समांतर यंत्राचे खरे अवघड अंग म्हणजे प्रक्रियकांना जोडणारे जाळे आणि त्यांच्याकडून काम करवून घेणारी आज्ञावली होय. परास, परमनेट हे जोडणी-जाळे व त्याच्या पुढील आवृत्त्या हे सर्व सी-डॅकचे स्वतःचे काम आहे. सहा वेळा प्रक्रियक बदलूनही मालिका चालू राहिली, याचे श्रेय याच भागांना दिले जाते.

२०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानात सी-डॅकने ‘रुद्र’ हा सर्व्हर आणि ‘त्रिनेत्र’ हे जोडणी-जाळे विकसित केले. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) कामासाठी आहे. त्यांतील प्रक्रियक मात्र इंटेलचेच आहेत.

## आर्म आणि रिस्क-फाइव्ह

एक्स८६ ला आज जे आव्हान आहे, ते मोबाइल फोनांच्या बाजारातून आले आहे. कमी वीज खाणारी आर्म रचना फोनांत सर्वत्र पसरली आणि पूर्वी पीसीमुळे एक्स८६ ला जो खपाचा आधार लाभला, तोच फोनांमुळे आर्मला लाभला. ॲपलने २०२० मध्ये एम१ प्रक्रियकासह मॅक संगणक आर्मवर नेले. विंडोजचे आर्मवर चालणारे संगणकही उपलब्ध आहेत.

तिन्ही रचनांत परवान्याचा फरक महत्त्वाचा आहे. एक्स८६ चे प्रक्रियक बनवण्याचा अधिकार मोजक्या कंपन्यांकडे आहे. आर्म ही कंपनी आपली रचना व तयार गाभे शुल्क घेऊन इतरांना देते. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सुरू झालेल्या रिस्क-फाइव्हचा आज्ञासंच कोणालाही विनाशुल्क वापरता येतो. सी-डॅकने आर्मच्या गाभ्यांवर आधारलेल्या, महासंगणकासाठीच्या ‘औम’ या प्रक्रियकाची आखणी हाती घेतली आहे. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रक्रियक रिस्क-फाइव्ह रचनेचे आहेत. या रचनेच्या प्रसारासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला.

आज्ञासंच खुला असला तरी प्रक्रियक प्रत्यक्ष बनवण्यासाठी प्रगत कारखाने लागतात आणि आज्ञावलींचा साठा उभा राहण्यास वर्षे लागतात. पहिल्या अडचणीवर परवाना हे उत्तर नाही. दुसरी अडचण मात्र मुक्त आज्ञावलींच्या प्रसारामुळे पूर्वीपेक्षा हलकी झाली आहे.

## हेही पाहा

- प्रगत संगणन विकास केंद्र
- विजय भटकर
- महासंगणक
- सूक्ष्मप्रक्रियक
- लिनक्स
- युनिकोड